रात्रीच्या आकाशाची दीप्ती आणि तिचे तापमान

चंद्र नसलेल्या रात्री, तारे वगळले तरी, आकाश पूर्णतः काळे नसते. वातावरणाचे उंचावरील थर स्वतःच मंद प्रकाश देत असतात. या प्रकाशास एअरग्लो म्हणतात; आपण त्यास वातदीप्ती म्हणू. ग्वाल्हेरच्या दिव्यांच्या झगमगाटात ती दिसणे कठीणच. शिवाय तिचा मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो.

ती हवा तापून प्रकाशत असेल, असे आपल्यापैकी अनेकांस वाटेल. लोहाराच्या भट्टीतील लाल लोखंड आपण पाहिलेले असते. वस्तुस्थिती निराळी आहे. सुमारे ८७ किलोमीटर उंचीवर, जेथे हायड्रॉक्सिल रेणूंची दीप्ती सर्वाधिक असते, तेथे तापमान शून्याखाली ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हायड्रोजनचा अणू ओझोनवर आदळला की हायड्रॉक्सिल रेणू जन्मतो आणि क्रियेत सुटलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर टाकतो. हा काजव्यासारखा थंड प्रकाश होय.

मग त्यावरून तापमान कसे कळते? प्रकाश देण्यापूर्वी हा रेणू भोवतालच्या हवेच्या रेणूंशी अनेकदा आदळतो, आणि त्याच्या गिरक्यांचा वेग त्या हवेच्या तापमानाशी जुळतो. हवा जितकी उबदार, तितके जलद फिरणारे रेणू अधिक. वर्णपटात मंद व जलद फिरणाऱ्या रेणूंच्या रेषा वेगवेगळ्या उमटतात. त्यांच्या तेजाचे गुणोत्तर हाच आपला तापमापक. मराठी मुलखात कोल्हापूरला, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या प्रकाशमापकांनी, याच रीतीने या थराचे तापमान काढलेले आहे.

येथे एक गंमत सांगतो. वातावरणातील लाटेमुळे हवा खाली ढकलली गेली की ती दाबली जाऊन तापते, आणि त्याच वेळी वरच्या थरातील ऑक्सिजनचे अणू खाली येऊन ओझोन वाढतो. त्यामुळे तापमान व तेज बहुधा बरोबरच चढतात. परंतु उष्णतेने तेज वाढले असे समजणे चूक ठरेल. निव्वळ उष्णता ओझोन तयार होण्याची क्रिया उलट मंदावते. तेजातील सापेक्ष बदल तापमानातील बदलाच्या कितीतरी पट असतो. या गुणोत्तरास सोव्हिएत शास्त्रज्ञ क्रासोव्स्की यांचे नाव आहे.

माझ्या मते या मोजणीचे खरे मोल दीर्घ नोंदींत आहे. जमिनीलगतची हवा तापविणारा कार्बन डायॉक्साइड त्या विरळ थरातील उष्णता मात्र अवकाशात टाकतो, म्हणून तो थर थंड होत आहे. हा बदल सूर्याच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्रापासून वेगळा काढावयाचा, तर एकाच ठिकाणी अनेक दशके रात्रीमागून रात्री मोजणी करावी लागते.