पडायचंच, तर कशावर?

श्रावण लागला की नेरुळच्या आमच्या सोसायटीत रात्री दहानंतर दहीहंडीच्या थरांचा सराव रंगतो. परवा माझा भाचा चौथ्या थरावरून घसरला. खालच्या पोरांनी हात वर धरले होते, म्हणून खरचटण्यावर निभावलं. पण त्यांच्या पायांखालचे पेव्हर ब्लॉक पाहिले आणि माझी झोप उडाली. 2014 च्या ऑगस्टमध्ये इथून जवळच, सानपाड्यात, सरावात पडून 14 वर्षांचा एक गोविंदा गेला होता. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने थरांना 20 फुटांची मर्यादा घातली. 2017 साली ती उठली.

सकाळी भाच्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. 20 फुटांवरून, म्हणजे सुमारे 6 मीटरवरून, पडणारा मुलगा जमिनीपाशी पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी 39 किलोमीटरच्या घरात असतो. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो शून्यावर आणायला लागतो आवेग, म्हणजे बल गुणिले वेळ. खाली काँक्रीट असो की गादी, आवेग तेवढाच लागतो. थांबायला वेळ जास्त मिळाला की बल कमी पडतं. सारी मेख इथेच आहे.

काँक्रीट दबत नाही, दबतं ते शरीर. ते दोन सेंटीमीटरांत थांबलं, तर सरासरी बल वजनाच्या 300 पट होतं! तेच जाड गादी 30 सेंटीमीटर दबली, तर थांबायला 15 पट वेळ मिळतो आणि बल 20 पटींच्या आसपास येतं. झेल घेताना आपण हात मागे ओढतो, तालमीत हौदाची तांबडी माती उकरून भुसभुशीत करतात, ते याचसाठी.

"मग घरातल्या गाद्या टाकतो ना, मामा!" भाचा म्हणाला.

कापसाची जुनी गादी चार बोटंही दबत नाही, हे त्याला दाखवलं. आणि मानेवर पडलं, तर जाड गादीचाही भरवसा नाही.

बहीण दारात उभी राहून ऐकत होती. "सराव बंद कर, असं मी म्हणत नाही," ती म्हणाली, "पण फरशीवर नाही."

काल रात्री पोरं मैदानात गेली. माती उकरली, व्यायामशाळेतल्या जाड गाद्या अंथरल्या आणि तीनच थर लावले. मीही हात वर करून कडेला उभा होतो.