खुडूक कोंबडीची किंमत

कोंबडी अंड्यावर आहे की नाही, हे हातालाच कळतं. तिला बगलेत धरायचं आणि शेपटीखाली दोन्ही बाजूंना जी बारीक हाडं लागतात, त्यांच्यामध्ये बोटं ठेवून बघायचं. दोन-तीन बोटं सहज मावली तर अंडी चालू आहेत, जेमतेम एकच मावलं तर बंद. पिवळ्या पायांच्या कोंबडीचे पायही बोलतात. खाद्यातला पिवळा रंग बलकाकडे वळतो आणि नळ्या आठवड्या-आठवड्याला फिकट पडत जातात.

दाण्यातून मिळालेलं बळ कुठे जातं, यावरच जात ठरते. व्हाइट लेगहॉर्न ते अंड्यांत ओतते. दीड-पावणेदोन किलोच्या या कोंबडीची वर्षाला 300च्या आसपास अंडी मिळतात, पण तिच्या कोंबड्याला हंडीत मोल नाही. ब्रॉयलर तेच बळ अंगावर घेतो आणि सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातो. वजन आणि अंड्यांची संख्या यांचं आनुवंशिक नातं बहुधा उलटं असतं. भारी वाणाच्या कोंबडीला हवं तेवढं खाऊ घातलं तर एकाच वेळी अनेक बलक पिकू लागतात. मग दोन बलकांची, मऊ कवचाची अंडी पडतात आणि एकूण अंडी घटतात.

म्हणून घरच्या परसासाठी मधला पक्षी लागतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात तयार झालेली वनराजा अंगाने भरते आणि मोकळ्यावर वर्षाला 100-110 अंडी देते. तिथलीच ग्रामप्रिया हलकी, पण 160-180 अंड्यांपर्यंत जाते. आपली गावरान 50-60 वर थांबते. घरात अंडी रोज लागत असतील तर मी ग्रामप्रियाच घ्यायला सांगेन. शिवाय घारी-मुंगसाच्या गावात अंगाने हलका पक्षी लवकर निसटतो.

पण या आकड्यांत एक गुण मोजलेलाच नाही, खुडूक बसण्याचा. गावरान कोंबडी अंड्यांवर बसली की तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढतं, अंडाशय आक्रसतो आणि अंडी थांबतात. मग 21 दिवस उबवण, पुढे कित्येक आठवडे पिल्लांमागे फिरणं. सुधारित जातींतून ही सवय जवळजवळ निवडून काढली आहे, म्हणून तर त्यांची अंडी वाढली. पण त्या संकरित आहेत. त्यांच्या अंड्यांतून घरी काढलेल्या पिल्लांत जास्त अंड्यांचा गुण तसाच उतरत नाही, आणि दर खेपेला पिल्लं विकत आणावी लागतात.

माझं म्हणणं एवढंच, दहा ग्रामप्रियांबरोबर दोन गावरान ठेवाव्यात. हॅचरीतून उबवणीची अंडी आणून खुडूक कोंबडीखाली दहा-बारा घालावीत. पिल्लांना बल्बची ऊब लागत नाही, आणि घार दिसली की कुठे दडायचं ते आईच शिकवते. निम्मे नर निघतात, त्यांची तीन-चार महिन्यांत हंडी होते. पिल्लं पाच ते सात दिवसांची झाली की मानमोडीवरच्या लासोटा लसीचा थेंब त्यांच्या डोळ्यात टाकायला मात्र विसरू नये.

त्याआधी, उबवणीच्या सातव्या रात्री अंधारात अंड्याला टॉर्च लावून पाहावं. जीव धरला असेल तर लाल शिरांचं जाळं दिसतं. विसाव्या दिवशी डालग्याजवळ कान नेला तर कवचाच्या आतून चिवचिव ऐकू येते, आणि वर बसलेली कोंबडी हळू आवाजात तिला उत्तर देत असते.