नैसर्गिक प्रसूतीची आशा आणि वैद्याचे उत्तर

माणदेशात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आजही टिकून आहे. म्हसवड परिसरातील अनेक कुटुंबे गलाईच्या व्यवसायानिमित्त दूरदूरच्या शहरांत स्थायिक झालेली आहेत. तिकडे नांदणाऱ्या लेकी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येतात. सोबत परभाषेतील तपासण्यांचे कागद असतात, आणि आईच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "डॉक्टर, पोरीचं नॉर्मल हुईल न्हवं?"

हा प्रश्न आपणा सर्व व्यवसायबंधूंना परिचित आहे. प्रसूती रुग्णालयात होणार, हे आता बहुतेक घरांत ठरलेले असते. तेथे शस्त्रक्रिया टळावी म्हणून ही माणसे आपल्याकडे येतात. या प्रश्नाला वैद्याने काय उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आम्ही स्वतः अनेक वर्षे या प्रश्नाचे चुकीचे उत्तर देत होतो, हे आरंभीच नमूद करणे उचित होईल.

भीती निराधार नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बोलके आहेत. भारतात सिझेरियनचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये १७.२ आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. या शेवटच्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचे प्रमाण २५.४ टक्के आढळले, म्हणजे दर चार प्रसूतींमागे एक. देशभरातील शासकीय रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्क्यांची मर्यादा सुचविली होती. २०१५ च्या निवेदनात तिने असे स्पष्ट केले की, संपूर्ण लोकसंख्येचा विचार करता १० टक्क्यांच्या पुढे वाढणाऱ्या सिझेरियनमुळे माता व नवजात यांचे मृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही. मात्र त्याच निवेदनात, ठराविक टक्केवारी गाठण्याच्या मागे न लागता ज्या स्त्रीला शस्त्रक्रियेची गरज आहे तिला ती मिळावी, असेही बजावले आहे. हा उत्तरार्ध आपल्या व्याख्यानांतून बहुधा गाळला जातो.

दुसरी बाजूही पाहावी. महाराष्ट्रातील मातामृत्यूंचे प्रमाण २००१-०३ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १४९ होते; २०१८-२० मध्ये ते ३३ वर आले. यामागे अनेक कारणे आहेत, परंतु प्रसूती घरातून रुग्णालयात आली हे त्यांतील एक मोठे कारण आहे. म्हणून सिझेरियनवरील टीकेचे रूपांतर रुग्णालयाच्या भीतीत होऊ देणे हा अपराध ठरेल.

प्रमाण का वाढते?

'पैशासाठी पोट फाडतात' हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. खाजगी क्षेत्रातील तिप्पट प्रमाणामागे अर्थकारण नाही असे कोणी म्हणणार नाही. तथापि तालुक्याच्या गावी एकच स्त्रीरोगतज्ज्ञ असतो. प्रथम प्रसूतीच्या कळा बारा-चौदा तास चालू शकतात. भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून यावयाचा असतो, रक्ताची पिशवी त्याहूनही दूर असते. रात्री दोन वाजता अडचण उद्भवल्यास हाताशी कोणी नसेल, या भीतीने संध्याकाळी सहा वाजताच निर्णय घेतला जातो. अघटित घडल्यास नातेवाइकांचा जमाव आणि न्यायालयाची पायरी डोळ्यांपुढे असते.

याशिवाय वाढलेले वय, मधुमेह व स्थौल्य ही कारणे आहेतच. एकदा सिझेरियन झाले की पुढच्या खेपेसही तेच, हा प्रघात आहे. नियत तारखेआधीच कळा आणण्याचा आग्रह धरला जातो. सोनोग्राफीत नाळेचा वेढा दिसताच घरातले घाबरतात. वस्तुतः दर चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेभोवती असा वेढा असतो आणि त्यांतील बहुतेक बाळे सुखरूप जन्मतात. कुटुंबाकडूनही मुहूर्त काढून आणला जातो. असा मुहूर्त सांगणाऱ्यांत आपल्यापैकी काही जण आहेत, हे कटू असले तरी सत्य आहे.

शास्त्र काय सांगते?

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात प्रसूतीची तयारी तपशीलवार वर्णिली आहे. नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार सिद्ध करावे. तेथे अग्नी, उदक, स्नान व मलमूत्रविसर्जन यांची सोय असावी. अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ व अनुभवी स्त्रिया सतत जवळ असाव्यात, असे ते सांगतात. आज २६ चाचण्यांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या एकत्रित अभ्यासातून हेच दिसून आले आहे: प्रसूतीत अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये स्वाभाविक प्रसूती अधिक व सिझेरियन कमी होते.

याच अध्यायात एक मार्मिक चर्चा आहे. कळा देणाऱ्या स्त्रीने मुसळ घेऊन उखळात धान्य कांडावे, जांभया द्याव्यात आणि मधूनमधून फिरावे, असे काही आचार्यांचे मत होते. भगवान आत्रेयांनी कांडण्याचा निषेध केला, कारण दारुण व्यायाम गर्भिणीस वर्ज्य आहे. मात्र जृंभण व चंक्रमण त्यांनी मान्य केले. आधुनिक अभ्यासांनुसारही पहिल्या अवस्थेत उभे राहणाऱ्या व चालणाऱ्या स्त्रियांची ती अवस्था तासाभराहून अधिक कमी होते. आठव्या महिन्यात सुनेला मुद्दाम फरशी पुसावयास लावणाऱ्या घरांना आत्रेयांचा हा निर्णय अवश्य सांगावा.

आवी आल्यावाचून प्रवाहण करू नये, असाही स्पष्ट आदेश आहे. वेग नसताना शिंक वा मलमूत्र जसे प्रयत्नानेही येत नाही, तसेच हे होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात स्त्रीला तिच्या स्वतःच्या वेगानुसार जोर करू द्यावा, असे म्हटले आहे. गर्भाशयमुख दर तासास एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना दंडकही त्याच मार्गदर्शनाने बाजूस सारला आणि सक्रिय अवस्था पाच सेंटिमीटरपासून धरली.

आठव्या महिन्यातील घृतयुक्त क्षीरयवागू, नवव्या महिन्यातील मधुरौषधसिद्ध तैलाचा अनुवासन बस्ती व योनिपिचू यांचे प्रयोजन वातानुलोमन आणि कटी-पार्श्व-कुक्षीचे मार्दव हे आहे. आम्ही हे उपचार करतो आणि त्यांवर आमची श्रद्धा आहे. परंतु त्यांवरील पदव्युत्तर प्रबंध बहुधा लहान रुग्णसंख्येचे असतात. त्यांच्या बळावर कोणासही हमी देता येणार नाही. वार खाली असल्यास, रक्तस्राव होत असल्यास वा पाणमोट फुटलेली असल्यास बस्ती व पिचू सर्वथा वर्ज्य समजावे.

आणि हेही विसरू नये की, सुश्रुताचार्यांनी मूढगर्भाचा स्वतंत्र विचार केला आहे. माता अकस्मात मृत झाली व कुक्षीत स्पंदन जाणवत असेल, तर त्वरित छेद घेऊन गर्भ बाहेर काढावा, असे ते निदानस्थानात सांगतात. मूढगर्भाच्या शल्यकर्मास ते अत्यंत कष्टप्रद म्हणतात आणि ते करण्यापूर्वी अधिपतीची अनुमती घेण्यास सांगतात. शस्त्रकर्म हे आपल्या परंपरेस परके नाही.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी एका प्रथम गर्भिणीला आम्ही सहाव्या महिन्यापासून मासानुमासिक परिचर्या दिली होती. वजन, रक्तदाब, बाळाची स्थिती सर्व उत्तम होते. नवव्या महिन्यात तिच्या आईने नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "काळजी नको, नॉर्मलच होणार."

त्यानंतर एके दिवशी दुपारपासून बाळाची हालचाल मंदावली. रुग्णालयात गेलो तर सिझेरियन करतील, या धास्तीने घरच्यांनी रात्र काढली आणि सकाळी ती आमच्याकडे आली. ठोके ऐकताच आम्ही तिला तसेच पुढे पाठविले. तासाभरात शस्त्रक्रिया झाली. बाळ काही दिवस नवजात कक्षात राहून वाचले. पुढे भेटल्यावर तिची आई एवढेच म्हणाली, "तुम्ही म्हणाला हुता नॉर्मलच हुणार, म्हणून आम्ही वाट बघितली."

त्या वाक्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या औषधाने अपाय झाला नव्हता. आमच्या आश्वासनाने झाला होता. पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. ज्या स्त्रीला 'नॉर्मलच होणार' असे सांगितले जाते, ती सिझेरियन झाल्यास स्वतःस अपयशी समजते. त्या मुलीलाही आपलेच काही चुकले, असे बरेच दिवस वाटत होते. चुकले होते ते आमचे.

तेव्हापासून आम्ही वाक्य बदलले आहे: "नॉर्मलची तयारी आपण पूर्ण करू, पण ठरलेल्या खुणा दिसल्या तर एक तासही थांबायचे नाही."

व्यवसायबंधूंसाठी

१. खुणा लिहून द्याव्यात: हालचाल मंदावणे, रक्तस्राव, पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी वा डोळ्यांपुढे अंधारी, आचके, ताप. यांपैकी काहीही दिसल्यास प्रथम आपल्याकडे न येता थेट रुग्णालय गाठावे, हेही त्याच कागदावर असावे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत अनेकदा आपल्याच पदवीचे वैद्य असतात. तो क्रमांक घरात प्रत्येकास पाठ असावा.

२. रुग्णालय आठव्या महिन्यातच ठरवावे व प्रश्न विचारावयास शिकवावे. रात्री भूलतज्ज्ञ व रक्त यांची सोय काय? कळांच्या वेळी सोबत स्त्री राहू देता का? चालू-फिरू देता का? पहिलटकरणीत सिझेरियन किती होतात? २०१७ मध्ये मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी रुग्णालयांनी हे आकडे जाहीर करावेत म्हणून केलेल्या ऑनलाइन याचिकेस लाखाहून अधिक लोकांनी पाठिंबा दिला, आणि केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील संलग्न रुग्णालयांना आकडे दर्शनी लावण्याची सूचना निघाली. मात्र गुंतागुंतीच्या केसेस घेणाऱ्या रुग्णालयाचा आकडा मोठा असणारच, हे ध्यानी ठेवावे.

३. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीस स्वाभाविक प्रसूती अशक्य नसते; योग्य निवडलेल्या स्त्रियांपैकी ६० ते ८० टक्क्यांना ती साध्य होते. परंतु व्रण उकलण्याचा धोका थोडा असला तरी जीवघेणा असल्याने, तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच हा प्रयत्न व्हावा.

४. शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून प्रसूती, सिझेरियनसह, विनामूल्य आहे. ही माहिती आपण द्यावी.

५. औषधी दुकानदार बंधूंना विनंती की, 'हमखास नॉर्मल' म्हणून कोणताही काढा विकू नये. एरंडतेलाची मोठी मात्रा कळा आणण्यासाठी देऊ नये. कळांचे इंजेक्शन वा गोळ्या चिठ्ठीवाचून देणे हा कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय त्याने गर्भाशय फाटू शकते.

६. स्त्रीरोगतज्ज्ञांशी आपला संवाद असावा. आम्ही आता प्रत्येक गर्भिणीबरोबर केलेल्या उपचारांची नोंद पाठवितो. आरंभी उत्तर येत नसे. आता काही वेळा फोन येतो की, "तुमच्या पेशंटला कळा सुरू आहेत, प्रगती ठीक आहे, थांबतो आहे."

डॉक्टरांनी थांबावे असे वाटत असेल, तर थांबणे त्यांना सुरक्षित वाटेल अशी स्थिती आपणही निर्माण केली पाहिजे. तयार झालेली स्त्री, समजूतदार नातेवाईक आणि वेळेवर पोहोचण्याची शिस्त एवढे वैद्याच्या हाती निश्चित आहे. प्रसूती कशी होईल, हे सांगणे मात्र आमच्या हाती नाही, आणि आता आम्ही ते सांगतही नाही.