माटवी कोणी पोखरली?

चतुर्थी चार दिवसांवर आली की मालवणकडच्या घरांत माळ्यावरून माटवी खाली काढतात. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ही लाकडी चौकट वर्षभर माळ्यावर पडून असते. एखाद्या वर्षी ती उचलताना भलतीच हलकी लागते. वरून सारे जसेच्या तसे. पण अंगठ्याने दाबावे तर खळगा पडतो आणि आतून माती सांडते. "वाळवी लागली गो!" म्हणून आजी हळहळते. पण जमिनीपासून दहा-बारा फूट उंचावर, लाकडाच्या पोटात, ही माती आली कोठून?

वाळवीनेच ती आणली. आपल्या घरांना उपद्रव देणारी वाळवी बहुधा लाकडात राहतच नाही. तिचे घर जमिनीखाली असते. तिची कातडी इतकी नाजूक की कोरड्या हवेत ती थोड्याच वेळात सुकून मरते. शिवाय मुंग्या टपलेल्या असतातच. (वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात खरे, पण ती मुंगी नव्हे. ती झुरळाची नातलग!) म्हणून कामकरी वाळव्या माती आणि लाळ कालवून पेन्सिलीएवढी नळी बांधतात आणि तिच्या आतून, ओलाव्यात, अंधारात ये-जा करतात. पायातून निघालेली ही वाट जांभ्याच्या दोन चिऱ्यांमधल्या फटीतून वर चढली, तर तुम्हाला पत्ताही लागत नाही.

लाकूड पचवणे सोपे नाही. त्यातील सेल्युलोज तुमच्या-आमच्या पोटाला पचत नाही. काही जातींच्या वाळव्यांच्या आतड्यात ते पचवणारे एकपेशीय जीव असतात. आपल्याकडे विपुल आढळणारी ओडोन्टोटर्मिस ही वाळवी मात्र चक्क शेती करते. चावलेल्या लाकडाच्या विष्ठेचे ती वाफे रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि मग ती खाते. पावसाळ्यात याच बुरशीच्या छत्र्या वारुळांवर उगवतात. बाजारात चढ्या भावाने मिळणारी रानातली अळंबी ती हीच! आणि सिंधुदुर्गात व गोव्यात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. राईतली वाळवी पालापाचोळ्याची माती करते. तिला मारण्याचे काहीच कारण नाही. तिची घराकडची वाट तोडली की झाले.

नळीवर रॉकेल ओतून ती तुटत नाही. थोड्या कामकरी मरतात. राणी दिवसाला हजारो अंडी घालत असते. म्हणून जाणकार माणूस औषध मारतो ते लाकडापेक्षा मातीवर. घर बांधतानाच जोत्यातील भरावाच्या पृष्ठावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण शिंपडतात. उभ्या घरात, फरशी आणि भिंत मिळते तेथे सुमारे ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची भोके पाडून प्रत्येकात फार तर एक लिटर द्रावण सोडतात आणि भोके बुजवतात. भारतीय मानक ६३१३ मध्ये ही पद्धत दिलेली आहे. बायफेन्थ्रिनसारख्या औषधाने वाळवी मागे फिरते. इमिडाक्लोप्रिड मात्र तिला जाणवत नाही. ती त्या मातीतून जाते आणि एकमेकींना चाटता-भरवताना विष इतरांनाही पोचवते.

आता मालवण किनाऱ्यावरची खरी अडचण. येथे घराशेजारीच पिण्याच्या पाण्याची विहीर असते. जांभा सच्छिद्र, जोराचा पाऊस झाला की विहीर भराभर भरते, म्हणजेच मातीतले पाणी तितक्याच वेगाने तिच्याकडे वाहते. औषधही त्याच वाटेने जाईल! पूर्वी यासाठी आल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर वापरत. ती मातीत वर्षानुवर्षे टिकत, हाच त्यांचा गुण मानला जाई. त्याच गुणामुळे २००१ च्या स्टॉकहोम कराराने ती बंद करण्याचे ठरवले. त्यानंतर सर्रास वापरले गेलेले क्लोरपायरिफॉसही २०२५ मध्ये, काही सवलती ठेवून, त्या यादीत गेले. म्हणून पेस्ट कंट्रोलवाला दारी आला की औषधाचे नाव विचारा, डब्यावरचे लेबल वाचा आणि विहीर किती जवळ आहे ते त्याला आधी दाखवा. पाऊस पडत असताना किंवा माती ओली असताना हे काम करू नये, विहिरीत वा झऱ्यात औषध जाऊ देऊ नये, असे मानकातच म्हटले आहे. काम मार्च-एप्रिलमध्ये उरकावे. जून-जुलैत स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणावे, असे माझे मत आहे.

बिनखर्चाचे उपायही आहेत. पावसाळ्यासाठी रचलेली लाकडे आणि चुडते भिंतीला टेकवू नका. खाली चिरे ठेवून हातभर दूर रचा. भिंतीला बांधलेला झापांचा आडोसा पाऊस सरताच काढा, कारण वाळवीला तो आयता जिना होतो. न्हाणीचे पाणी जोत्यात मुरू देऊ नका. फणसाचे किंवा सागाचे लाकूड वाळवी सहसा टाळते, पण आतले गाभ्याचे. बाहेरचे फिकट लाकूड ती खाते.

नळी सापडलीच तर लगेच पुसू नका. मध्ये बोटभर भाग मोडा, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा आणि रोज पाहा. दोन-तीन दिवसांत ओल्या, गडद मातीने ती पुन्हा जोडली गेली, तर वाट चालू आहे. कोरडीच राहिली, तर दुसरी नळी कुठे आहे का, ते न्हाणीच्या मागच्या भिंतीवर शोधा.