सूक्ष्मदर्शक वापरा, पण असा!

काही वर्षांपूर्वी कोकणातील एका शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी गेलो होतो. शाळेचा सूक्ष्मदर्शक 'मुले मोडतील' या भीतीने दोन पावसाळे कुलपात होता. तो बाहेर काढला, तर वस्तुभिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू! ती बुरशी होती. दमट, अंधाऱ्या, कोंदट जागी ती भिंगावर वाढते आणि तिच्या स्रावांनी काच खराब होते. मग कितीही पुसले तरी डाग जात नाही.

तेव्हा मित्रहो, सूक्ष्मदर्शक जरूर वापरा. फक्त पद्धत नीट समजून घ्या.

उचलताना एक हात दांड्याला व दुसरा तळाखाली हवा. आरसा असेल तर तो खिडकीतील आकाशाकडे वळवा. सूर्याकडे कधीही नको, डोळ्याला कायमची इजा होईल.

सुरुवात कमी शक्तीच्या, म्हणजे १०× वस्तुभिंगाने करा. ते काचपट्टीपासून काही मिलिमीटर दूर असते. ४०× भिंग मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर! म्हणून आधी बाजूने पाहत भिंग काचपट्टीजवळ आणा आणि मग नेत्रिकेतून पाहत ते दूर नेत प्रतिमा स्पष्ट करा. उलट केले तर भिंग काचेवर आपटते. ४०× लावल्यावर फक्त बारीक स्क्रूच फिरवा.

कांद्याचा पापुद्रा पाहताना मध्येच काळा ठिपका दिसतो. तो कोठे आहे? नेत्रिका फिरवा. ठिपकाही फिरला, तर धूळ नेत्रिकेवर आहे. काचपट्टी सरकवल्यावर सरकला, तर काचपट्टीवर. दोन्ही वेळा जागचा हलला नाही, तर वस्तुभिंग तपासा.

धूळ आधी रबरी फुग्याच्या हवेने उडवा, मग भिंगाच्या खास कागदाने हलकेच पुसा. रुमाल किंवा सदऱ्याचे टोक नको. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असल्याने ओरखडे पडतात. तेल फक्त १००× भिंगाला लावायचे आणि काम संपताच टिपून घ्यायचे.

शेवटी कमी शक्तीचे भिंग खाली आणून सूक्ष्मदर्शक झाकून ठेवा. जवळ निळ्या सिलिका जेलची पुडी असू द्या. ती गुलाबी झाली की खडे तापवून पुन्हा कोरडे करा. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तो बाहेर काढून त्यातून काहीतरी पाहाच. कुलपापेक्षा जाणत्या हातांत तो अधिक सुरक्षित असतो.