फ्रिजमधून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो?

'समकालीन कलेतील ग्राहकसंस्कृतीचे चित्रण' असा विषय घेऊन गेलात, तर गाइड लगेच विचारतील, "चित्रण म्हणजे नेमकं काय शोधणार?" इथं बरेच जण अडकतात. एक उदाहरण घेऊ.

प्राजक्ता पोटनीस यांचा जन्म 1980 चा, ठाण्याचा. शिक्षण सर जे. जे. कला महाविद्यालयात. फ्रिजच्या आतल्या भागाचे त्यांचे फोटो आहेत. 'फ्रिज म्हणजे चंगळवाद, म्हणून ही टीका' असं लिहून मोकळं होऊ नका. ते वाक्य कुठल्याही फ्रिजला चालतं! आधी नुसतं वर्णन करा. कॅमेरा कुठं आहे? माणूस दिसतो का? आतला कप्पा एखाद्या मोकळ्या दालनाएवढा का वाटतो? मग प्रश्न आपोआप धारदार होतो: घरातली खासगी जागा इथं परक्या, सार्वजनिक जागेसारखी का दिसते?

आता संदर्भ जोडा. 2014 मध्ये बर्लिनमध्ये त्यांनी 'द किचन डिबेट' हे काम केलं. नाव आलंय 24 जुलै 1959 च्या वादातून. मॉस्कोतल्या अमेरिकी प्रदर्शनात, नमुना घराच्या स्वयंपाकघरात, निक्सन आणि ख्रुश्चेव्ह यांची जुंपली होती. कुणाची व्यवस्था भारी, याचा पुरावा म्हणून चक्क घरगुती यंत्रं!

शेजारी पोलंडच्या नतालिया एलएल ठेवा. 1972 पासूनच्या 'कन्झ्युमर आर्ट'मध्ये बायका कॅमेऱ्यासमोर केळी वगैरे खातात. तेव्हा तिथं केळं सहज मिळत नसे. म्हणजे 'ग्राहकसंस्कृती' हा शब्द तिथं टंचाईतून वाचावा लागतो, मुंबईत तसा नाही. 2019 मध्ये वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयानं हे काम भिंतीवरून काढलं, तेव्हा लोकांनी बाहेर केळी खाऊन निषेध केला.

आणि कळमनुरीत? शहर बदलतंय ते फक्त मुंबईत, असं धरून चालू नका. लग्नात आलेला फ्रिज बैठकीत ठेवलाय की स्वयंपाकघरात? त्यावर काय मांडलंय? लाइट गेल्यावर त्याचं काय होतं? परवानगी घेऊन ओळखीच्या दहा घरांत एवढं टिपलंत, तरी हाताशी स्वतःची सामग्री येते. दहा घरांवरून 'मराठवाड्यातील समाज' असं मात्र लिहू नका. तोंडी परीक्षेत तिथंच पकडतात.

आणखी एक. मूळ काम पाहिलं नसेल आणि मोबाइलवरच्या फोटोवरून लिहीत असाल, तर पद्धतीच्या प्रकरणात तसं स्पष्ट नोंदवा. आकार, पोत, प्रकाश यांवरची विधानं मग जपून करावी लागतात.