पृथ्वीची एक गिरकी २४ तासांची नाही! 🌍

देवळेकरांनो, पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत. मग दिवस २४ तासांचा कसा? फिरता फिरता ती सूर्याभोवतीही रोज जवळपास एक अंश पुढे सरकते. सूर्य पुन्हा माथ्याच्या रेषेत यायला तिला तेवढं जास्त वळावं लागतं. उरलेली चार मिनिटं त्यातच जातात.

देवळ्यात बसल्या जागी आपण ताशी सुमारे १५६० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरतोय! पृथ्वी फिरते, हे आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास सांगितलं होतं.

आज रात्री एखादा तारा कांदाचाळीआड मावळताना वेळ लिहून ठेवा. उद्या त्याच जागी उभे राहा. तो चार मिनिटं आधी मावळेल. नक्की बघा, मुलांनाही दाखवा!